एक पाऊस, तीन घाट

गाणं सुचतं; गाण्याचा घाट मात्र शिकावा लागतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांनी 'जैत रे जैत' या सिनेमासाठी (१९७७) ठाकर आदिवासींची गाणी लिहिली आणि 'एक होता विदूषक'साठी (१९९२) लावण्याही. कवी एकच, पण दोन्हीकडची मोजणी निराळी. ती समजून घ्यायला एक विषय घेऊ: लांबलेला पाऊस.

आधी अभंग. पैठणच्या एकनाथांनी हाताळलेल्या या प्रकारात अक्षरं मोजायची. मोठ्या अभंगात ती ६, ६, ६, ४. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. 'कोरडे आभाळ, शेत पाहे वाट, रिकामाच पाट, तहानेला.' ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब इथे नाही आणि जोडाक्षर एकच धरायचं. चौथा चरण आखूड असतो, तिथे गाणाऱ्याला सूर ओढायला जागा मिळते.

लावणीत मोजायच्या मात्रा: ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन. 'सांग पावसा, येशिल का रं, वाट पाहते दारी' म्हणजे ८, ८, ८, ४. चौथ्या आठातल्या उरलेल्या चार मात्रा ढोलकीला सोडल्या. 'येशील'चं 'येशिल' झालं ते मात्रा जुळावी म्हणून. इथे पाऊस सजण झाला. बोलणारी कोण आणि कुणाशी बोलतेय, हे पहिल्याच ओळीत कळायला हवं.

गझलेची छत्रपती संभाजीनगर शहराला जुनी ओळख. सिराज औरंगाबादी अठराव्या शतकातले. मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळी 'वाट आहे', 'पाट आहे' अशा संपवल्या, तर 'वाट-पाट' हा काफिया आणि 'आहे' हा रदीफ. पुढच्या प्रत्येक शेरात हे बंधन फक्त दुसऱ्या ओळीला. वृत्त शेवटपर्यंत एकच, पण शेर स्वतंत्र: एकात पाऊस, दुसऱ्यात सावकार चालतो.

सिनेमात बऱ्याचदा चाल आधी येते. संगीतकार डमी शब्दांवर ती ऐकवतो, गीतकार त्यात खरे शब्द बसवतो. सूर लांबतो तिथे दीर्घ स्वर हवा. 'दारी'तला 'री' हवा तेवढा ताणता येतो. 'पाट'मधल्या 'ट'वर सूर थांबत नाही.

तेव्हा नवशिक्यांनी एकच विषय तिन्ही घाटांत लिहून पाहावा. लिहिलेलं नुसतं वाचू नका, टाळी देत म्हणा. जीभ अडखळेल तिथे चाल ओढूनताणून बसवू नका, शब्द बदला.