प्रसारमाध्यमे आणि मालवणी माणसाची प्रतिमा

आजचे युग हे माहितीचे आणि संपर्काचे युग म्हणून ओळखले जाते. वृत्तपत्र, रंगभूमी, चित्रपट, दूरचित्रवाणी आणि आता हातातील भ्रमणध्वनी यांनी आपले घर, आपली भाषा आणि आपल्या सवयी यांत प्रवेश केला आहे. ही माध्यमे समाजाचे केवळ चित्र दाखवितात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते चित्र पाहून समाज स्वतःही बदलत जातो. हा बदल कसा घडतो, हे समजून घेण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर घरोघरी बोलली जाणारी मालवणी बोली हेच त्याचे उत्तम उदाहरण आहे.

मुद्रणाचा दुहेरी परिणाम

आपल्या शेजारच्या गोव्यात १५५६ साली भारतातील पहिला छापखाना सुरू झाला. पुढे १६१६ साली राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज; त्यांनी मांडलेला विषय श्रोत्यांना नवा होता. परंतु त्यांनी निवडला तो लोकांच्या कानांना परिचित असलेला ओवी छंद. नवा विचार लोकांच्या ओळखीच्या रूपात आला, तरच तो अंतःकरणापर्यंत पोहोचतो, याची जाण त्यामागे दिसते.

यानंतर दोन शतकांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, मुंबईत ‘दर्पण’ हे पहिले मराठी वृत्तपत्र निघाले. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर हे देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावचे सुपुत्र. मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापून त्यांनी नव्या ज्ञानाचे आणि सार्वजनिक चर्चेचे दार सामान्य वाचकाला उघडून दिले. महाराष्ट्रात ६ जानेवारी हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो, तो याच कारणाने.

मुद्रणाचा आणखी एक परिणाम मात्र कोणाच्या फारसा लक्षात आला नाही. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. कोश, शालेय पुस्तके आणि वृत्तपत्रे यांमुळे मराठीचे एक ठरावीक रूप ‘शुद्ध’ मानले जाऊ लागले. मालवणीवर कोणी बंदी घातली नव्हती. परंतु जे छापले जात नाही ते कमी प्रतीचे, अशी समजूत हळूहळू रूढ झाली. ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ असे शब्द तोंडून निघाले की शाळेत हशा पिकू लागला. गिरणीत कामाला गेलेला चाकरमानी मुंबईत चारचौघांत आपली बोली आवरून बोलू लागला. आपल्या दशावतारातही देव आणि राजे बहुधा ग्रंथांतील मराठी बोलत, तर मालवणी विनोदी पात्रांच्या वाट्याला येई.

रंगभूमीने दिलेला आत्मविश्वास

हे चित्र पालटले ते १९८० साली. गंगाराम गवाणकर यांनी लिहिलेले आणि मालवणजवळील रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी यांनी गाजविलेले ‘वस्त्रहरण’ हे नाटक रंगभूमीवर आले. द्रौपदी वस्त्रहरणाचे नाटक बसविताना एका गावात उडणारा गोंधळ हा त्याचा विषय. या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. कोकणाशी संबंध नसलेले प्रेक्षकही तिकीट काढून मालवणी ऐकू लागले. बोली होती तीच राहिली. तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. दुसऱ्यांनी आपल्या भाषेचा आदर केलेला पाहून मालवणी माणसाला तिच्याविषयी नव्याने अभिमान वाटू लागला.

तथापि या यशाबरोबर एक मर्यादाही आली. मालवणी म्हणजे हमखास हशा, असे समीकरण रूढ झाले. पुढील काळात अनेक चित्रपटांत आणि मालिकांत मालवणी बोलणारे पात्र केवळ विनोदापुरते येत राहिले. ज्या माध्यमाने प्रतिष्ठा दिली, त्यानेच तिला एक चौकटही घालून दिली.

पडद्यावरील कोकण

२०१६ साली झी मराठी वाहिनीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली. कुडाळ तालुक्यातील आकेरी येथे तिचे चित्रीकरण झाले. तिने मालवणी बोली राज्यभर पोहोचविली आणि आकेरीचा तो वाडा पाहण्यासाठी पर्यटक येऊ लागले. त्याच वेळी कोकण म्हणजे भुताखेतांचा प्रदेश असे चित्र उभे केले जात असल्याचा आक्षेपही येथूनच घेतला गेला.

येथे माध्यमांची खरी कार्यपद्धती दिसून येते. ज्याने कोकण कधी पाहिले नाही, तो पडद्यावरील कोकणच खरे मानतो आणि तेच शोधीत येथे येतो. पर्यटनावर पोट असलेला स्थानिक माणूस त्याला हवे ते दाखवू लागतो. अशा रीतीने बाहेरून आलेली प्रतिमा हळूहळू आपल्याच वागण्यात उतरते.

ही चौकट ओलांडता येते, हेही खरे. २०२५ साली प्रदर्शित झालेल्या सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ या चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी वृद्ध दशावतारी कलावंताची भूमिका केली. आपली जमीन आणि जंगल यांवर येऊ घातलेल्या खाणीचा प्रश्न त्यात आहे. दुःख, भक्ती आणि प्रतिकार हेही मालवणी मातीतून तितक्याच समर्थपणे व्यक्त होऊ शकतात, हे त्याने दाखविले.

आपली जबाबदारी

आज चित्रीकरणाचे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. आपली प्रतिमा घडविण्याची संधी प्रथमच आपल्या हाती आली आहे. परंतु ज्याने हसू येते तेच अधिक पसरते, म्हणून आपणच आपली थट्टा करण्याचा मोह तरुणांना होतो. दुसरीकडे, मालवणी नाटकाला टाळ्या देणारे अनेक पालक घरी मुलांशी मात्र मालवणीत बोलत नाहीत. रंगमंचावर जपलेली आणि घरात हरवलेली बोली किती काळ टिकणार? तिच्याबरोबर रापण, उधाण, वारे, मासळी आणि शेती यांविषयीचे आजी-आजोबांचे ज्ञानही नाहीसे होईल.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी सामाजिक संपर्क माध्यमांविषयी जो आदेशलेख प्रसिद्ध केला, त्यात वाचक, प्रेक्षक आणि श्रोते यांच्यावरही विवेकाने निवड करण्याची जबाबदारी सोपविली आहे. कोणताही कार्यक्रम पाहताना तो कोणी केला, कोणासाठी केला आणि त्यात काय वगळले गेले, हे तीन प्रश्न आपण मुलांसह विचारावेत. आणि एखाद्या संध्याकाळी, घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्याच बोलीत बोलते करून त्यांचे शब्द त्याच भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. आपले खरे चित्र पुढील पिढीच्या हाती देण्याची सुरुवात आपल्या घरापासूनच होऊ शकते.