निळे ठिपके, जनुके आणि पाकटांचा जातिनिश्चय

पाकट हा चपट्या अंगाचा, चाबकासारख्या शेपटीचा व त्या शेपटीवर विषारी काटा बाळगणारा मासा होय. त्याच्या निओट्रायगॉन या प्रजातीत डोळ्यांवरून मुखवट्यासारखा गडद पट्टा गेलेला असतो. काहींच्या पाठीवर निळे ठिपकेही असतात. असे ठिपकेदार पाकट आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम पॅसिफिक महासागरापर्यंत आढळतात. म्युलर व हेन्ले यांनी १८४१ मध्ये दिलेल्या ‘कुहली’ या एकाच जातिनामाखाली या सर्वांची गणना दीर्घकाळ होत असे. ते वस्तुतः एकाच जातीचे आहेत काय, हा प्रश्न केवळ नामकरणाचा नव्हे.

पहिला पुरावा रंगाचा. निळ्या ठिपक्यांची संख्या व आकार, त्यांभोवतीची गडद कड, मधले काळे टिपके आणि खांद्यांजवळील डाग ही लक्षणे मोजता येतात. तथापि एकाच ठिकाणच्या माशांतही ही संख्या कमीअधिक असते. शिवाय द्रावणात जतन केलेल्या नमुन्यांचे रंग कालांतराने फिकटतात.

दुसरा पुरावा जनुकांचा. पेशीतील तंतुकणिकांच्या एका जनुकातील सुमारे ६५० घटकांचा क्रम वाचून निरनिराळ्या ठिकाणच्या माशांची तुलना करतात. एका समूहात भेद अल्प आणि दोन समूहांत स्पष्टपणे अधिक आढळला, तर ते समूह दीर्घकाळ विभक्त असावेत, असे अनुमान निघते. परंतु तंतुकणिकांचा वारसा केवळ मातेकडून येतो. म्हणून दोन समूहांत संकर होत असल्यास एवढ्याच पुराव्यावरून तो उघड होईलच असे नाही.

यास्तव दोन्ही पुरावे एकत्र पाहणे अगत्याचे ठरते. बोलींच्या अभ्यासातही एकाच शब्दाच्या भेदावरून सीमा आखीत नाहीत. अनेक भेदांच्या रेषा एकत्र आल्या, तरच ती मान्य होते. याच रीतीने २०१३ मध्ये न्यू कॅलिडोनियाच्या पाकटाला त्याचे १८७३ चे ‘ट्रायगोनॉयडिस’ हे स्वतंत्र नाव परत मिळाले. २०१६ मध्ये आणखी तीन नव्या जाती वर्णिल्या गेल्या आणि ‘कुहली’ हे नाव सॉलोमन द्वीपसमूहातील व्हॅनिकोरो येथील मूळ नमुन्याशी निगडित करण्यात आले. भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील पाकट २०१८ मध्ये ‘इंडिका’ ठरला. मध्यम आकाराच्या निळ्या ठिपक्यांची अल्प संख्या व खांद्यावरील ठळक डागाचा अभाव ही त्याची लक्षणे होत.

या विभागणीचे महत्त्व व्यावहारिक आहे. पाकट पिलांना जन्म देतात व एका वेळची पिले थोडीच असतात; त्यामुळे घटलेली संख्या सावकाश भरून येते. सर्वत्र आढळणारी एकच जात मानली, तर एखाद्या किनाऱ्यावरील घट एकूण आकड्यांत झाकली जाते. तीच तेथील स्वतंत्र जात ठरली, तर ती घट त्या जातीच्या अस्तित्वावरील संकट ठरू शकते. बाजारात ‘पाकट’ हे एक नाव पुरते. मासेमारीच्या नोंदवहीत मात्र ते पुरत नाही.