प्रयोगाआधी आपण जी चरबी फेकतो

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी उंदराची महाधमनी ‘साफ’ करायला शिकले. साफ म्हणजे काय, तर बाहेरून चिकटलेली चरबी बारीक कात्रीने काढून टाकायची, मग धमनीच्या रिंगा कापून ऑर्गन बाथमध्ये लावायच्या. प्रोटोकॉलमध्ये तसंच लिहिलं होतं. का, हे मी विचारलंच नाही.

1991 मध्ये सोल्टिस आणि कॅसिस यांनी काही रिंगांवर ही चरबी तशीच ठेवली. नॉरएपिनेफ्रिन दिलं की धमनी आकसते. पण चरबीसकट असलेल्या रिंगा कमी आकसल्या. पुढे 2002 मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की ही चरबी धमनीला सैल करणारा घटक सोडते. 2009 मध्ये माणसांच्या छोट्या धमन्यांवर तेच तपासलं गेलं. निरोगी लोकांत हा परिणाम दिसला, पण लठ्ठपणा आणि चयापचयाचा बिघाड असलेल्यांत तो नाहीसा झाला होता.

मग लठ्ठपणात घडतं काय? चरबीच्या पेशी फुगतात, त्यांना ऑक्सिजन पुरत नाही आणि तिथे मॅक्रोफेज गोळा होतात. टीएनएफ-अल्फा, आयएल-6 असे दाह वाढवणारे रेणू वाढतात, तर संरक्षण करणारं अ‍ॅडिपोनेक्टिन कमी होतं. धमनीच्या आतल्या अस्तरात, म्हणजे एंडोथेलियममध्ये, नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं. धमनी नीट सैल होत नाही, अस्तर चिकट होतं, पांढऱ्या पेशी आणि एलडीएल आत शिरतात आणि प्लाक तयार होऊ लागतो. हृदयाच्या धमन्यांभोवतीही अशीच चरबी असते. तिथला प्लाक फुटला आणि त्यावर गुठळी झाली, की हार्ट अटॅक.

आता एक सावधगिरी. ही सगळी साखळी एकाच प्रयोगातून आलेली नाही. ऑर्गन बाथमधली रिंग आकसणं आणि सैल होणं दाखवते. प्लाक दाखवत नाही. कुठली कडी कुठल्या पुराव्यावर उभी आहे, हे पेपर वाचताना वहीत वेगळं लिहून ठेवा.

आणि चरबी काढणं चूक आहे, असंही नाही. फक्त एंडोथेलियम तपासायचं असेल तर ती काढावीच लागते. पण प्रश्नच लठ्ठपणाचा असेल, तर ती फेकून आपण अर्धा प्रश्नच फेकतो. म्हणून चरबी ठेवली की काढली, हे मेथड्समध्ये स्पष्ट लिहायचं. जमलं तर दोन्ही प्रकारच्या रिंगा लावायच्या.

पेटच्या मुलाखतीत ‘लठ्ठपणामुळे हृदयविकार कसा होतो?’ असं विचारलं, की बहुतेक जण ‘चरबी साचते, नळी चोंदते’ एवढंच सांगतात. तुम्ही धमनीच्या बाहेरच्या बाजूपासून सुरुवात करून बघा. पुढचा प्रश्न नक्की जास्त चांगला येईल.