ताडोबात गर्दी? मग 'बोर'ची सफारी स्वतःच ठरवा

वर्धा : ताडोबाकडे धावणाऱ्या पर्यटकांचे सेलू तालुक्यातील बोर व्याघ्र प्रकल्पाकडे अनेकदा लक्षच जात नाही. २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळालेल्या या जंगलाचे गाभा क्षेत्र अवघे १३८ चौरस किलोमीटरचे, देशातील सर्वात लहान गाभा क्षेत्रांपैकी एक.

येथे जाण्यासाठी एजंट लागत नाही. वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर बुकिंग करा, मूळ ओळखपत्र सोबत ठेवा. गाइड घ्यावाच लागतो. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असते. उन्हाळ्यात पानगळ झालेली असते आणि प्राणी पाणवठ्यावर येतात.

वाघ दिसेलच, याची मात्र खात्री नाही. जंगल छोटे असल्याने वाघ भ्रमणमार्गाने बाहेरही जातात. त्यामुळे वाघासाठी गाडी पळवण्याचा आग्रह धरू नका. अस्वल, रानकुत्रेही पाहा.