वहीतला सचिन आणि मित्राचा पायगुण

क्रिकेटची आकडेवारी दोन प्रकारची. एक जगाची, दुसरी आपली. जगाची सांगते, सचिन तेंडुलकरने 463 एकदिवसीय सामन्यांत 44.83 च्या सरासरीने 18,426 धावा केल्या. माझ्या वहीत मात्र त्याची सरासरी आहे 236!

वहीचा नियम एकच. मैदानात बसून पाहिलेला सामनाच लिहायचा. टीव्हीवरचा नाही, रेडिओवरचाही नाही. आम्हा नांदेडकरांना मोठं मैदान म्हणजे हैदराबाद नाही तर नागपूर. त्यामुळे सचिनच्या नावापुढे तीनच ओळी. 8 नोव्हेंबर 1999, हैदराबाद, न्यूझीलंडविरुद्ध नाबाद 186. 5 नोव्हेंबर 2009, हैदराबाद, ऑस्ट्रेलियाविरुद्ध 175. 12 मार्च 2011, नागपूर, विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 111. बेरीज 472. धावांना भागायचं ते किती वेळा बाद झाला त्याने. तो दोनदाच बाद, म्हणून 236.

पण शेजारी निकालाचाही रकाना आहे. पहिला सामना आपण जिंकलो. दुसरा 3 धावांनी हरलो, तिसराही हरलो. या दोन्ही पराभवांना लातूरचा माझा एक मित्र सोबत होता. झालं! लोक त्याला ‘पांढऱ्या पायाचा’ म्हणू लागले. आधी थट्टा होती. मग कुणाच्या सोयरिकीच्या बैठकीलाही त्याला नको म्हणाले, तेव्हा ती थट्टा राहिली नाही.

मी त्याच्यापुढे वही उघडली. नाणं दोनदा उडवलं तर दोन्ही वेळा काटा पडणं चारात एकदा घडतंच. त्यावरून नाणं खोटं ठरत नाही. सचिनच्या 49 एकदिवसीय शतकांपैकी 33 वेळा भारत जिंकला, 14 वेळा हरला. त्या चौदा सामन्यांना आलेली हजारो माणसं काय सगळी अपशकुनी? नागपुरात 1 बाद 267 वरून उरलेले नऊ गडी 29 धावांत गेले. त्यातले पाच बळी डेल स्टेनचे. मित्राच्या पायगुणाचा एकही नाही.

मग अशी वही ठेवायची कशाला? मित्रहो, ती सचिनचं मोजमाप करत नाही, आपलं करते. आपण किती लांब गेलो, कुणाबरोबर गेलो, हे जगाच्या आकडेवारीत नसतं. 1999 च्या ओळीपुढे मी ‘अब्बांसोबत’ एवढंच लिहिलं आहे. अब्बा आता नाहीत. तुम्हीही लिहा. तारीख, गाव, धावा, आणि सोबत कोण होतं ते. फक्त त्या शेवटच्या रकान्यावर हार-जितीचा हिशेब मांडू नका.