कल्हईची बॅटरी का नसते?

जानेवारीतली सकाळ. गाव खंडाळा. गाण्यातलं, लोणावळ्याशेजारचं नव्हे. आमचं, साताऱ्याकडचं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. जुन्या मारुती 800 ची किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्, टक्. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि विझले. शेजारच्या दोघांना हाक मारली, त्यांनी धक्का दिला, मी दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला, तेव्हा कुठे बाई खोकत खोकत जागी झाली.

हायवेलगतच्या दुकानात बॅटरीवाल्या दादांनी मीटर लावला आणि मान हलवली. "बसली हो काका ही. आता पस्तिसाचीच टाकू, का जरा दमदार बघू?"

दमदार म्हणजे नक्की काय? एवढ्याशा प्रश्नाचा माग काढत निघालो आणि बघता बघता 1859 सालच्या फ्रान्समध्ये गेलो. तिथून पुढे आइन्स्टाईनच्या दारात. चला, तुम्हालाही नेतो.

आधी किल्ली फिरवल्यावरच्या त्या एका सेकंदाचा हिशेब मांडू. इंजिन गार, ऑइल घट्ट. ते फिरवायला सेल्फची मोटर शंभर-दीडशे अँपिअर करंट ओढते. घरातला दोन किलोवॅटचा गिझर ओढतो नऊच्या आसपास! अर्थात गिझरला 230 व्होल्ट मिळतात, इथे जेमतेम दहा-बारा. तरी ताकद म्हणून पाहिलं तर दीड किलोवॅट झाली. शाळेच्या दप्तराहून लहान डबा, आणि त्यातून जवळजवळ अख्खा गिझर.

मग या डब्यात विजेचा केवढा साठा असेल? पस्तीस अँपिअर-तास गुणिले बारा व्होल्ट, म्हणजे 420 वॅट-तास. अर्धा युनिटसुद्धा नाही! हजारो रुपये मोजून आपण घरी आणतो तो वीजबिलातल्या मोजक्या रुपयांच्या विजेचा डबा. आणि त्या एका सेकंदात त्यातली वीज खर्च किती होते? साधारण हजारावा भाग. बॅटरी कोठारासाठी घ्यायचीच नसते मुळी. ती घ्यायची असते धावपटू म्हणून. सबंध दिवस आरामात बसायचं आणि शिट्टी वाजली की जीव खाऊन पळायचं, एवढंच तिचं काम.

हे काम तिला कुणी दिलं? तिचा जन्म झाला तेव्हा मोटारगाडी नव्हतीच. गास्तोन प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1859 मध्ये शिशाचे दोन पत्रे घेतले, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पट्टी घातली आणि अळूवडीसारखी गुंडाळी करून ती गंधकाम्लात उभी केली. विजेचा प्रवाह सोडला, मग काढून घेतला, पुन्हा सोडला. वीज भरून ठेवता येते आणि परत मिळते! गंमत अशी की चार्जिंगला लावायला त्या काळी कामाचं जनित्र नव्हतं. बिचारा दुसऱ्या, एकदाच वापरायच्या घटांवर आपली अळूवडी चार्ज करत बसायचा. विहीर खणायच्या आधीच रांजण घडवून ठेवणारा माणूस.

प्लान्तेच्या पत्र्यांना तयार व्हायला फार वेळ लागे. 1881 मध्ये कामीय फोर यानं उपाय काढला, तो आपल्याकडच्या कुणालाही सुचावा असा. कुडाची भिंत पाहिलीय ना? काटक्यांचा सांगाडा आणि वर शेणामातीचा लेप. फोरनं शिशाच्या ऑक्साईडचा लेप पत्र्यावर थापला. पुढे पत्र्याच्या जागी शिशाची जाळी आली आणि कूड पुरा झाला. आजही तुमच्या बॅटरीतली प्रत्येक प्लेट अशीच असते. चार्ज झाला की हा लेप ढोकळ्यासारखा जाळीदार होतो, आणि खरी मेख त्या भोकांत आहे. आम्ल आत आत झिरपतं, एकाच वेळी असंख्य ठिकाणी शिशाला भिडतं, म्हणून इतका करंट एका दमात बाहेर पडतो. प्लेटी जितक्या पातळ आणि जास्त, तितकी धाव जोरात. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी उलट असते : प्लेटी जाड, धाव कमी, पण तासन्‌तास चालायचा दम. म्हणून ती मोटारीत टाकू नये आणि मोटारीची इन्व्हर्टरला जोडू नये. दोघींना एकमेकींचं काम जमत नाही.

गाडीत तिला आणलं चार्ल्स केटरिंगनं. 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांना त्याचा विजेचा सेल्फ बसला आणि हँडल मारून मनगट मोडून घेण्याचे दिवस सरू लागले. त्याआधी या गृहस्थानं दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला वीज जोडली होती. तिथेच त्याला कळलं की जी मोटर क्षणभरच फिरायची, तिच्यावर ऐपतीपेक्षा जास्त भार टाकला तरी ती जळत नाही. गल्ल्याचा खण उघडणं आणि इंजिन फिरवणं, दोन्ही क्षणाचीच कामं!

आता डब्याच्या आत डोकावू. सहा खण, प्रत्येकात दोन जातींच्या प्लेटी. एक निव्वळ शिसं, दुसरी शिशाचा डायऑक्साईड. शिसं इलेक्ट्रॉन द्यायला तयार, डायऑक्साईड ते घ्यायला हपापलेला. तुम्ही किल्ली फिरवता, वाट मोकळी होते, आणि इलेक्ट्रॉन सेल्फमधून धावत पलीकडे जातात. या देवघेवीत दोन्ही प्लेटींवर लेड सल्फेट साचतं आणि आम्लाचं हळूहळू पाणी होत जातं. म्हणून तर जुने मेकॅनिक काचेची नळी बुडवून ग्रॅव्हिटी पाहायचे. भरलेल्या बॅटरीचं आम्ल पाण्याच्या सव्वापट जड, उतरलेल्या बॅटरीचं बरंच हलकं.

एका खणाचे दोन व्होल्टहून थोडे जास्त, सहांचे मिळून साडेबारा. पण हा डायऑक्साईड इतका हपापलेला का? आवर्तसारणीत शिशाच्या बरोबर वरच्या घरात कथील बसलंय, आपल्या कल्हईवाल्याचं कथील. सख्खी भावंडं, स्वभाव सारखा. मग कल्हईची बॅटरी का नसते?

याचं उत्तर 2011 मध्ये स्वीडन आणि फिनलंडमधल्या पाच शास्त्रज्ञांनी गणित करून दिलं. त्यांच्यातले एक राजीव आहुजा, मूळचे भारतीय. शिशाचा अणू जड, केंद्रात 82 प्रोटॉन. त्यांची ओढ एवढी की सगळ्यात आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे साठ टक्के वेगानं धावतात. इतक्या वेगात आइन्स्टाईनचा सापेक्षतावाद लागू होतो. इलेक्ट्रॉन जणू जड होतो आणि केंद्राच्या आणखी जवळ सरकतो. त्याचे पडसाद थेट बाहेरच्या कक्षेपर्यंत उमटतात आणि शिशाचे दोन ठरावीक इलेक्ट्रॉन आत खेचले जातात. डायऑक्साईडमध्ये शिशानं हे दोन्ही गमावलेले असतात. म्हणून परत मिळवायची एवढी घाई! सापेक्षतेचा परिणाम वजा केला तर एका खणाच्या दोन व्होल्टमधले पावणेदोनच्या आसपास उडून जातात. बाराच्या बॅटरीत उरतील दोन-अडीच. तेवढ्यावर हॉर्नसुद्धा कण्हेल. कथिलाचा अणू त्या मानानं हलका, आतले इलेक्ट्रॉन तेवढे वेडे होत नाहीत, म्हणून त्यानं भांडी चमकवावीत.

आणि प्लान्तेचं साल आठवा, 1859. आइन्स्टाईनचा सिद्धांत आला 1905 मध्ये. सेहेचाळीस वर्षं माणसं सापेक्षतावाद वापरत होती, फक्त तो अजून सुचायचा होता!

असो. दादा दुकानात ताटकळलेत. "मोठी टाकली तर वायरिंग जळेल का हो?" मी विचारलं. हा प्रश्न प्रत्येक जुन्या गाडीचा मालक विचारतो. गच्चीवरच्या टाकीकडे बघा. टाकी मोठी बसवली म्हणून नळ फुटत नाही. टाकीची उंची वाढवली तर धार जोरात येईल. व्होल्ट म्हणजे उंची, अँपिअर-तास म्हणजे टाकीची पोटजागा. उंची बाराचीच ठेवली की सेल्फ त्याला हवं तेवढंच ओढणार, टेप त्याला हवं तेवढंच. पण टाकी भरणारा पंप तोच जुना आहे, अल्टरनेटर. रोज घरापासून खंडाळ्याच्या बाजारापर्यंत दोन किलोमीटरच गाडी जाणार असेल, तर दुप्पट पोटाची बॅटरीही अर्धपोटीच राहील.

आणि अर्धपोटी राहणं हीच तिची खरी बिमारी. उतरताना साचलेलं सल्फेट ताजं असतं तेव्हा बारीक पिठीसाखरेसारखं असतं, चार्ज केलं की विरघळून जातं. तसंच पडून राहिलं तर त्याची खडीसाखर होते. मग ते विरघळत नाही, प्लेटीची भोकं बुजतात, धावपटूला दमा लागतो. माझ्या गाडीचं हेच झालं होतं. मारुतीनं गाडी दिली तेव्हा तिला सेंट्रल लॉकही नव्हतं, अलार्मही नव्हता. हौसेनं मीच बसवले. बंद गाडीत ते तीस मिलिअँपिअर पीत बसले तरी महिन्याला एकवीस अँपिअर-तास होतात. पस्तिसांतले एकवीस! एक महिना गाडी दारात उभी, आणि अर्ध्याहून जास्त बॅटरी चोरानं न शिवताच रिकामी.

दादांनी दुसरी बॅटरी काढून पुढ्यात ठेवली. वर लिहिलेलं 38B20L. ही अक्षरं वाचता आली की दुकानात तुम्हाला कुणी गंडवत नाही. B म्हणजे उंची-रुंदीचा गट, 20 म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी, शेवटचं अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला ते सांगतं. ते चुकलं तर एक तर केबल पोचत नाही, किंवा ओढूनताणून उलटी जोडली जाते आणि अल्टरनेटरचे डायोड जळतात. आणि सुरुवातीचा 38? बरेच जण त्यालाच अँपिअर-तास समजतात. तो आहे कामगिरीचा क्रमांक. म्हणजे त्याच B20 खोक्यात 38 च्या जागी 42 किंवा 44 मिळाली, तर ट्रे तोच, केबल तीच, बॉनेटही वर टेकत नाही, आणि धाव जास्त. जुन्या गाडीला दमदार करायचा हा सगळ्यात सरळ रस्ता. आम्ल काचतंतूंच्या गादीत मुरवलेली महागडी एजीएम बॅटरी मी घेतली नाही. सिग्नलला आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होणाऱ्या नव्या गाड्यांसाठी ती ठीक. बॉनेटखालची भट्टी तिला फारशी मानवत नाही.

भट्टीवरून आठवलं. बॅटरी मरते थंडीत, पण तिला मारतो उन्हाळा. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी चढलं की आतली झीज जवळजवळ दुप्पट. सुट्टीच्या दिवशी, मे महिन्यात खंबाटकीच्या चढावर गाड्यांची रांग लागते, एसी चालू, पंखा घरघरतोय. तेव्हा जाळीचं शिसं आतल्या आत गंजत असतं. गाडी मात्र चालू होत राहते, कारण उन्हात इंजिनही हलकं फिरतं. जानेवारीत ऑइल घट्ट होतं, रसायनं सुस्तावतात, आणि मेमधलं दुखणं आठ महिन्यांनी बाहेर येतं. आपण दोष देतो थंडीला!

वडिलांच्या काळी दर पंधरा दिवसांनी बॅटरीचं पाणी आणायला पळावं लागे. शिसं नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ, म्हणून जाळी कडक करायला त्यात अँटिमनी मिसळत, आणि अँटिमनीमुळे चार्जिंग होताना पाणी लवकर फुटून वायू होऊन उडून जाई. पुढे अँटिमनीच्या जागी चिमूटभर कॅल्शियम आलं आणि पाणी टिकू लागलं. मेंटेनन्स-फ्री म्हणतात ती हीच. पण ती बसवल्यावर इंजिन चालू ठेवून मीटर जरूर लावून घ्या. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान काटा हवा. कमी असेल तर नवी बॅटरीही उपाशी राहील, पंधराच्या वर गेला तर पाणी वायू होऊन उडून जाईल, आणि मग दुखणं अल्टरनेटरचं निघेल.

दादांनी नव्या बॅटरीवरच्या ठप्प्याची तारीख वाचून दाखवली. दोनच महिन्यांपूर्वीची, बरी होती. जुनी काढताना आधी निगेटिव्ह, नवी बसवताना निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडू नये म्हणून. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुतली, वर पेट्रोलियम जेली चोपडली. किल्ली फिरवली. टक् नाही, खोकला नाही. एका दमात सुरू.

"जुनी देताय ना? तेवढे पैसे वजा," दादा म्हणाले आणि मेलेली बॅटरी उचलून काट्यावर ठेवली. तिच्यातलं शिसं वितळेल, पुन्हा जाळीत ओतलं जाईल, पुन्हा कुणाच्या तरी गाडीत बसेल. काट्याचा आकडा स्थिर झाला : नऊ किलोला थोडी कमी. आत इलेक्ट्रॉन अजून प्रकाशाच्या साठ टक्के वेगानं पळत होते. दादांनी भंगाराचा भाव लावला.