कॉम्प्युटर अडला, बोलणी सुनेला!

दूध उतू गेलं तर सून, मिक्सर बंद पडला तर सून, आणि आता कॉम्प्युटर अडला तरी सूनच! मैत्रिणींनो, हसू नका. मागच्या हिवाळ्यात आमच्या सिहोऱ्यात अगदी हेच घडलं.

आमच्या बचत गटाकडे एक कॉम्प्युटर आहे. तुमसरहून जुनाच, सेकंडहँड आणलेला. गटाची सचिव म्हणजे शेजारच्या आळीतली एक सून. लग्नाआधी एमएस-सीआयटी केलेली, म्हणून कॉम्प्युटर तिच्याच घरी, पडवीतल्या खोलीत ठेवला. कर्जाचे हप्ते, मासिक बचत, पापड-कुरडयांची विक्री, चार वर्षांचा सगळा हिशेब त्यातच आहे. शिवाय गावातल्या पोरी कॉलेजचे फॉर्म भरायला तिच्याकडेच येतात.

२०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी सक्तीचं झालं आणि तिच्या पडवीत बायकांची रांग लागली. नेमकी धानाच्या कापणी-मळणीची घाई, कोणाला वेळ नाही. मुदत वाढून ३१ डिसेंबरपर्यंत गेली, तरी शेवटी गर्दी झालीच. आणि त्याच दिवसांत कॉम्प्युटरनं रंग दाखवायला सुरुवात केली. माऊसचा बाण सरकवला की अडखळत जायचा. अक्षरं टाइप केली की बऱ्याच वेळानं उमटायची. मध्येच पडदा काळा व्हायचा आणि पुन्हा यायचा. मोबाइलवर ओटीपी येऊन पडलेला, आणि इकडे त्याचे आकडे टाकता टाकता त्याची वेळ संपून जायची. पुन्हा पहिल्यापासून!

आधी सगळ्यांनी साइटला दोष दिला. मग लाइटला. मग नेटला. शेवटी मोर्चा वळला सुनेकडे. "एवढी महागाची मशीन हिच्या हाती काऊन देली जी?" सासूबाई चारचौघींत बोलल्या. बिचारी खाली मान घालून बसली. मला फार वाईट वाटलं. आपल्यातली एक बाई पुढे येऊन काही शिकते, आणि पहिल्याच अडचणीला आपणच तिचे पाय ओढतो.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं पाच मिनिटं खुडबुड केली आणि सांगितलं, "जुना झाला मॅडम. फॉर्मॅट मारावा लागेल, नाहीतर नवीनच घ्या." फॉर्मॅट मारणं म्हणजे पाटी कोरी करणं. हिशेब आधी दुसरीकडे उतरवून ठेवला नाही, तर चार वर्षांचं सगळं पुसलं जाणार. आणि नवीन घ्यायचा तर गटाची सगळी गंगाजळी रिकामी. पुढच्या बैठकीत नव्या कॉम्प्युटरचा ठराव घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं.

पण ही पोरगी हुशार निघाली. तिनं एक साधी वही केली. गटाच्या रजिस्टरसारखे रकाने आखले. किती वाजता अडला, तेव्हा काय काय उघडं होतं, बंद केल्यावर सुधारला का. आठ दिवस नोंदी ठेवल्या. मला वही दाखवून म्हणाली, "काकू, नुसता हिशेब उघडा असला की एकदाही अडत नाही. ब्राउझर उघडला, की मग हिशेबही अडतो, माऊसही अडतो. ब्राउझर पूर्ण बंद केला की पुन्हा चांगला चालतो."

ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट बघतो तो प्रोग्राम. क्रोम, फायरफॉक्स, एज अशी त्याची नावं. माझा भाचा नागपूरला कॉम्प्युटरचंच काम करतो. त्याला फोनवर ती वही वाचून दाखवली. तो म्हणाला, "मावशी, अर्धं काम तर हिनंच केलं आहे. आता फक्त एक बटण बंद करून बघा."

ते बटण कशाचं, हे मला समजलं तसं तुम्हालाही सांगते. लग्नघरचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. मुख्य आचारी भाजी, वरण, सगळा हिशेब सांभाळतो. पुऱ्या लाटायला आणि पानं वाढायला वेगळी बाई असते. कॉम्प्युटरमध्येही असेच दोघं असतात. विचार करणारा प्रोसेसर हा आचारी, आणि पडद्यावर चित्रं काढणारा ग्राफिक्सचा भाग ही वाढणारी बाई. पूर्वी वेबपान काढायचं बहुतेक काम आचारीच करायचा. पुढे पानांवर व्हिडिओ, नकाशे, हलणारी चित्रं आली. मग २०११ च्या सुमारास फायरफॉक्स ४ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ९ यांच्यासारख्या ब्राउझरनी हे काम ग्राफिक्सकडे सोपवायला सुरुवात केली. यालाच ग्राफिक्स किंवा हार्डवेअर ॲक्सलरेशन म्हणतात. आता बहुतेक ब्राउझरमध्ये ते आधीपासून चालूच असतं.

चांगल्या मशीनवर याचा फायदाच होतो. पण जुन्या कॉम्प्युटरमध्ये ही वाढणारी बाई अशक्त असते. तिला स्वतःची वेगळी मेमरी नसते, आचाऱ्याच्याच ताटातलं घ्यावं लागतं. तिला काम समजावून सांगणारा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रामही जुनाट असतो. त्यात गंमत अशी, की फक्त ब्राउझरचं पान नव्हे, तर अख्खा डेस्कटॉप, सगळ्या खिडक्या हीच बाई वाढत असते. तिला एका पंगतीनं दमवलं, की सगळ्या घराची पानं खोळंबतात. म्हणूनच ब्राउझर उघडा असला की हिशेबाची खिडकीही अडकायची!

"पण आधी तर नीट चालत होता, मग आताच काय झालं?" हा माझाही प्रश्न होता. उत्तर सोपं आहे. ब्राउझर आपल्याला न विचारता स्वतःच अपडेट होत राहतो. नवा ब्राउझर आणि जुना ड्रायव्हर यांचं एखाद वेळी जमत नाही. म्हणजे सुनेनं काहीही दाबलं नव्हतं, काहीही बिघडवलं नव्हतं.

तुमच्याकडेही असं होत असेल, तर या क्रमानं बघा.

पहिलं काम, हिशेब आणि फोटो पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. दुरुस्ती कोणतीही असो, हे आधी.

दुसरं, ब्राउझर पूर्ण बंद करा आणि थोडा वेळ दुसरं काम करून बघा. तेव्हाही अडत असेल तर दोष ब्राउझरचा नाही. एक लक्षात ठेवा, क्रोमची खिडकी बंद केली तरी तो कधी कधी मागे चालूच राहतो.

तिसरं, विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात कोण किती राबतंय ते दिसतं. विंडोज १० किंवा ११ असेल तर बहुतेक ठिकाणी जीपीयूचा आकडाही दिसतो. ब्राउझर उघडताच तो वर चढला आणि त्याच वेळी अडायला लागलं, तर संशय इथेच. मेमरीचाच आकडा शंभराच्या जवळ असेल, तर दुखणं वेगळं आहे. मग उघडी पानं कमी करा किंवा रॅम वाढवायचं विचारा.

चौथं म्हणजे ते बटण. क्रोममध्ये उजवीकडे वरच्या तीन ठिपक्यांवर जा. सेटिंग्ज, त्यात सिस्टिम. तिथे "यूज ग्राफिक्स ॲक्सलरेशन व्हेन अव्हेलेबल" असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. ते बंद करा आणि शेजारचं रीलाँच दाबा. अर्धवट भरलेला फॉर्म असेल तर तो आधी पूर्ण करा, कारण रीलाँच केलं की ब्राउझर बंद होऊन पुन्हा उघडतो. एजमध्येही सेटिंग्जमधल्या सिस्टिमच्या भागात हेच मिळतं. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या जनरल भागात परफॉर्मन्स शोधा, शिफारस केलेल्या सेटिंगची खूण काढा, मग खाली हार्डवेअर ॲक्सलरेशनची खूण दिसते, तीही काढा.

पाचवं, फरक पडला तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा करून घ्या. विंडोज अपडेटमधून किंवा कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, भलत्या जागेवरून नको. नव्या ड्रायव्हरनंतर ते बटण पुन्हा चालू करून बघायलाही हरकत नाही.

आणि फरक पडलाच नाही, तर बटण पुन्हा चालू करून ठेवा. ते बंद असलं की व्हिडिओचा सगळा भार आचाऱ्यावर पडतो. पंखा जोरात फिरतो, मशीन तापतं. उगाच बंद ठेवण्यात शहाणपण नाही.

आमच्याकडे काय झालं? सुनेनं बटण बंद केलं, रीलाँच केलं, आणि माऊसचा बाण लोण्यावरून सुरी फिरावी तसा फिरायला लागला. त्या दिवशी रांगेतल्या सगळ्या बायकांची कामं दिवेलागणीच्या आत झाली. एक पैसा खर्च नाही. नव्या कॉम्प्युटरचा ठराव बारगळला आणि गंगाजळी जागच्या जागी राहिली. खरं सांगायचं तर कॉम्प्युटर जुनाच आहे. विंडोज १० ला नेहमीसारखी मिळणारी मोफत अपडेट्स ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली आहेत, तेव्हा कधीतरी नवा घ्यावाच लागेल. पण तो आपण विचार करून, सवडीनं घेऊ. कोणी घाबरवलं म्हणून नाही.

पुढच्या बैठकीत मी मुद्दाम ती वही सगळ्यांसमोर फिरवली. सासूबाई चष्मा लावून बराच वेळ रकाने बघत होत्या. वाचता येतं त्यांना थोडंफार. काही बोलल्या नाहीत. चहाच्या वेळी मात्र सुनेला म्हणाल्या, "तू बस जी, कामं कर बायकांची. च्या मी आनते."

मैत्रिणींनो, यंत्र बिघडतं, माणसाच्या मनासारखंच. आधी बघावं, लिहून ठेवावं, मग बोलावं. घरातल्या ज्या पोरीच्या हातात आज माऊस आहे, तिला बोलण्याआधी एवढं जरूर आठवा.